नाताळचं पाकीट

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात लेकीकडे न्यू जर्सीला होते. एका संध्याकाळी ती ऑफिसातून वैतागूनच आली. साहेबांना नाताळची भेट द्यायची म्हणून पाकीट फिरलं होतं, त्यात वीस डॉलर टाकावे लागले. "नाही म्हणायचं!" मी म्हटलं. "आई, सगळे टाकतात. कसं नाही म्हणू?"

नेमक्या याच पाकिटाविरुद्ध शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली बायकांनी एक संस्था काढली होती! नाव 'सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग'. आद्याक्षरं जोडून 'स्पग'. काढणाऱ्या दोघी बड्या घरच्या. एलिनॉर बेलमाँट पूर्वाश्रमीची नटी, आणि अ‍ॅन मॉर्गन म्हणजे बँकवाल्या जे. पी. मॉर्गनची लेक. पण हीच अ‍ॅन १९०९-१० मध्ये कपडे शिवणाऱ्या मुलींच्या संपात त्यांच्या बाजूनं उभी राहिली होती. दुकानांत, कारखान्यांत राबणाऱ्या मुलींनी सुट्टीसाठी चार पैसे साठवावेत म्हणून या बायका एक बचत योजना चालवत. साठणार कुठून? डिसेंबर आला की वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी! तुटपुंज्या पगारातून ती द्यायची, प्रेमानं नव्हे, नोकरीच्या धास्तीनं. 'यूसलेस' म्हणजे वस्तू बिनकामाची असं नव्हे, मनाविरुद्ध दिलेली, हे मला फार आवडलं. त्याच नोव्हेंबरात निवडणूक हरलेले माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पुरुषांतले पहिले सभासद झाले. पुढे महायुद्ध आलं आणि स्पग विरून गेली.

त्याआधीची आणखी एक खटपट तर उलटीच फिरली. फ्लॉरेन्स केली यांची 'नॅशनल कन्झ्यूमर्स लीग' लोकांना सांगे, नाताळची खरेदी लवकर उरका, म्हणजे शेवटच्या दिवसांत विक्रेत्या मुलींना रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागणार नाही. दुकानदारांनी हीच घोषणा जाहिरातीत घेतली. झालं, हंगाम लांबला! थँक्सगिव्हिंग झालं की तिकडे नाताळची खरेदी सुरू होते. १९३९ साली तो सण ३० नोव्हेंबरला येत होता, तर व्यापाऱ्यांच्या आग्रहाखातर दुसऱ्या रूझवेल्टांनी, म्हणजे फ्रँकलिननी, तो २३ तारखेला आणला. कित्येक राज्यांनी ऐकलं नाही. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला.

हे सगळं लेकीला रंगवून सांगत होते आणि मध्येच गप्प झाले. नोकरीच्या पहिल्या दिवाळीत मुख्याध्यापकांच्या भेटीसाठी मीही पाच रुपये दिले होते. घरी आठवडाभर भाजीची ओढाताण झाली, सासूबाईंना काही सांगितलं नाही. पुढे मी पर्यवेक्षिका झाले. त्या वर्षी दिवाळीत नव्या शिक्षिकांनी मिळून मला चांदीचं तबक दिलं. कुणी किती घातले, मी विचारलं नव्हतं.

ते तबक अजून माझ्या देवघरात आहे.