महास्वयंम

महास्वयंम हे महाराष्ट्र शासनाच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाचे संकेतस्थळ आहे. रोजगाराच्या शोधात असलेल्या उमेदवारांचे शिक्षण, अनुभव व कौशल्ये यांची माहिती त्यावर साठवली जाते. उद्योजकांना आपली रिक्त पदे तेथे जाहीर करता येतात आणि उमेदवारांच्या नोंदींतून योग्य व्यक्ती निवडता येते. नोंदणी विनामूल्य आहे. पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी सेवायोजन कार्यालयात ठेवल्या जाणाऱ्या नोंदपत्राचे हे संगणकीय रूप होय. मात्र नोंदपत्र आणि ऑनलाइन परिचयपत्र यांत एक मूलभूत फरक आहे. नोंदपत्र सांभाळणे हे कार्यालयाचे काम होते, परिचयपत्र अद्ययावत ठेवणे हे उमेदवाराचे काम आहे.

नाव

संस्कृतातील 'स्वयम्' हे अव्यय मराठीत 'स्वयं' असे लिहिले जाते. अनुस्वार व 'म' ही दोन्ही चिन्हे एकत्र योजणारे 'स्वयंम' हे रूप व्याकरणदृष्ट्या समर्थनीय नाही. तथापि शासकीय परिपत्रके, जाहिराती व खुद्द संकेतस्थळ यांवर हेच रूप रूढ असल्याने या लेखातही तेच वापरले आहे. शोधयंत्रावर 'महास्वयम' व 'महास्वयं' अशी रूपेही आढळतात.

पार्श्वभूमी

भारतात सेवायोजन कार्यालयांचा आरंभ १९४५ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्या जवानांना नागरी जीवनात काम मिळवून देणे हा त्यांचा मूळ हेतू होता. १९४८ मध्ये ही कार्यालये सर्व बेरोजगारांसाठी खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार त्यांचा दैनंदिन कारभार १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांकडे सोपवण्यात आला. राज्यपुनर्रचनाही त्याच दिवशी अमलात आली आणि यवतमाळसह विदर्भातील जिल्हे मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पुढे 'सेवायोजन कार्यालये (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) अधिनियम, १९५९' हा कायदा १ मे १९६० पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या दिवशीच, लागू झाला. सार्वजनिक क्षेत्रातील सर्व आस्थापनांनी आणि २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त पदे सेवायोजन कार्यालयास कळवावीत, असे बंधन या कायद्याने घातले. शेती, घरकाम व तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामे त्यातून वगळण्यात आली होती. केळापूरसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्याच्या दृष्टीने हा अपवाद लहान नव्हता.

नोंदणी झालेल्या उमेदवाराचे 'एक्स-१' हे नोंदपत्र कार्यालयातील कप्प्यात राही व 'एक्स-१०' हे ओळखपत्र उमेदवाराकडे असे. बोलीभाषेत याला 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घालणे' म्हणत. नोंदणीची तारीख हीच उमेदवाराची ज्येष्ठता असे. मागणी आली की अर्हता व ज्येष्ठता पाहून नावे पाठवली जात आणि उमेदवाराच्या घरी 'कॉल' येई. ठरावीक मुदतीत नूतनीकरण झाले नाही तर ज्येष्ठता जाई. म्हणून कित्येक घरांत हे पिवळे पडलेले कार्ड शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर जपून ठेवलेले असे.

या व्यवस्थेचे महत्त्व १९९६ नंतर ओसरले. 'आबकारी अधीक्षक, मलकापट्टणम विरुद्ध के. बी. एन. विश्वेश्वर राव' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांपुरती भरती मर्यादित न ठेवता वृत्तपत्रादी माध्यमांतून जाहिरातही द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करावा. त्यामुळे अनेक वर्षे जपलेल्या ज्येष्ठतेचा व्यवहारातील उपयोग कमी झाला. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, संजीव बिखचंदानी यांनी नौकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले आणि परिचयपत्र संगणकावर साठवून ते नियोक्त्यांना शोधू देण्याची पद्धत भारतात रुजू लागली.

महाराष्ट्रात सेवायोजन कार्यालयांचे नाव आधी 'जिल्हा रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र' व नंतर 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' असे झाले. रोजगार, स्वयंरोजगार व कौशल्य प्रशिक्षण यांसाठीची वेगवेगळी संकेतस्थळे एकत्र करून महास्वयंमची रचना करण्यात आली. १९५९ चा कायदा आता 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्यात 'सेवायोजन कार्यालय' या संज्ञेची जागा 'करिअर केंद्र' या संज्ञेने घेतली आहे.

नोंदणी व परिचयपत्र

उमेदवाराने नाव, जन्मदिनांक, आधार क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक दिल्यावर भ्रमणध्वनीवर एकवेळचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, येतो. तो भरल्यानंतर खाते उघडते. त्यानंतर पत्ता, शैक्षणिक अर्हता, अनुभव, कौशल्ये व अवगत भाषा हे तपशील भरावे लागतात. नोंदणी क्रमांक मिळतो व नोंदणीचा कागद छापून घेता येतो. जिल्हा, क्षेत्र, शिक्षण व कौशल्य यांनुसार रिक्त पदे शोधणे आणि त्यांना अर्ज करणे याच खात्यातून होते. रोजगार मेळाव्यातील सहभागही येथूनच नोंदवता येतो. नियोक्त्यांना कायद्याने आवश्यक असलेले 'ईआर-१' हे त्रैमासिक विवरणपत्रही या संकेतस्थळावरून सादर करण्याची सोय झाली.

जुन्या कार्यालयांतील नोंदी संगणकावर आल्यानंतर, उमेदवारांनी आधार व भ्रमणध्वनी क्रमांक जोडून माहिती अद्ययावत करावी, अन्यथा नोंदणी रद्द होईल, अशा सूचना जिल्हा केंद्रांनी वेळोवेळी प्रसिद्ध केल्या. जुने कार्ड हातात असलेल्या, पण वर्तमानपत्र घरी न येणाऱ्या उमेदवारांपर्यंत अशी सूचना पोहोचणे सोपे नव्हते.

सुविधांतील भर

आरंभी संकेतस्थळाचा उपयोग मुख्यतः नाव नोंदवण्यापुरता होता. पुढे त्यास स्वयंरोजगाराची जोड मिळाली आणि अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेचे अर्ज 'उद्योग महास्वयंम' या उपविभागातून घेतले जाऊ लागले. कोरोनाच्या साथीत मेळावे भरवणे अशक्य झाल्यावर ऑनलाइन रोजगार मेळाव्यांचा वापर वाढला. त्यांत मुलाखत दूरध्वनीवर किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेतली जाई. याच काळात, ६ जुलै २०२० रोजी, राज्याच्या उद्योग विभागाने 'महाजॉब्स' हे आणखी एक संकेतस्थळ सुरू केले. एकाच राज्यात दोन शासकीय ठिकाणी तीच माहिती पुन्हा भरावी लागणे ही उमेदवारांच्या दृष्टीने सुधारणा नव्हती.

संकेतस्थळाच्या वापरातील मोठा बदल ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने'मुळे झाला. १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारांना शासकीय व खासगी आस्थापनांत सहा महिन्यांचे कार्यप्रशिक्षण देण्याची ही योजना आहे. बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले व ते थेट बँक खात्यात जमा करण्याची तरतूद करण्यात आली. २०२५ मध्ये प्रशिक्षणाचा कालावधी ११ महिने करण्यात आला. योजनेसाठी महास्वयंमवरील नोंदणी अनिवार्य होती. त्यामुळे आधार, बँक खाते, शिक्षण व नेमणुकीचे ठिकाण हे सारे एकाच नोंदीशी जोडले गेले. 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून केलेली नोंदणी आता प्रत्यक्ष विद्यावेतनाचा आधार झाली आणि तीतील चूकही तितकीच महाग झाली.

पांढरकवडा परिसरातील वापर

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय असून नागपूर–हैदराबाद मार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ४४) वसलेले आहे. तालुक्याचे नाव केळापूर आणि कचेरी पांढरकवड्यास असल्यामुळे अर्जातील 'तालुका' व 'गाव' हे रकाने भरताना गोंधळ होतो. तालुक्याच्या यादीत 'पांढरकवडा' शोधून न सापडल्याने अडणे हा येथील नवख्या उमेदवाराचा नेहमीचा अनुभव आहे.

जिल्हा केंद्र यवतमाळला, म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवर आहे. कार्डाच्या काळात नोंदणी किंवा नूतनीकरण म्हणजे एसटीने जाऊन-येऊन पूर्ण दिवसाची खोटी आणि एका दिवसाची मजुरी बुडणे. ऑनलाइन नोंदणीने ही फेरी वाचवली. या भागापुरता सेवेचा हा लाभ निर्विवाद आहे.

तालुक्यात कोलाम व गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. कोलाम ही केंद्र शासनाच्या यादीतील विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पांढरकवड्यास आहे. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील भाषा घरी बोलणाऱ्या उमेदवारास परिचयपत्र मराठीत किंवा इंग्रजीत भरावे लागते. नावांच्या रोमन लेखनाची अडचण तर सर्वत्रच आहे. 'आत्राम' हे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका 'ए'ने आणि आधारपत्रावर दोन 'ए'ने लिहिलेले असले, की यंत्राच्या लेखी त्या दोन व्यक्ती ठरतात. वडिलांचे नाव मधले की शेवटचे, यावरूनही नोंदी जुळत नाहीत. शाळेत दाखल करताना गुरुजींनी जे नाव लिहिले, त्याचा परिणाम वीस वर्षांनी असा दिसतो.

याहून मोठी अडचण खात्याच्या मालकीची आहे. स्वतःचा भ्रमणध्वनी नसलेले किंवा टाइप करण्यास बिचकणारे उमेदवार 'आपले सरकार सेवा केंद्र' वा नेट कॅफे येथे जाऊन नोंदणी करून घेतात. घाईत चालकाचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक दिला जातो. पुढे पासवर्ड विसरल्यावर ओटीपी त्या क्रमांकावर जातो आणि नियोक्त्याचा निरोपही तिकडेच जातो. खाते उमेदवाराचे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी स्थिती होते. स्वस्त योजनेच्या मागे लागून सिमकार्ड वरचेवर बदलण्याच्या सवयीनेही हेच घडते. जुन्या पद्धतीत पत्ता बदलला तरी पोस्टमन माणूस शोधून काढी. बंद पडलेल्या क्रमांकावरील निरोपाला असा पोस्टमन नसतो. भ्रमणध्वनी क्रमांक बदलण्याची सोय जितकी सुलभ, तितकी ही सेवा ग्रामीण भागात उपयुक्त, असे म्हणावे लागते. आकर्षक मुखपृष्ठापेक्षा या एका सुधारणेचे मोल अधिक आहे.

अनुभवाच्या रकान्याचीही अडचण आहे. जिनिंगमधील हंगामी काम, ट्रॅक्टर चालवणे, विहिरीचे बांधकाम, तेंदूपत्ता संकलन ही कामे सहसा तोंडी ओळखीवर मिळतात आणि त्यांचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. केंद्र शासनाच्या 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५' मध्ये सुमारे ३,६०० व्यवसायांना संकेतांक दिले आहेत आणि शेती, बांधकाम, वाहनचालन यांचाही त्यात समावेश आहे. असे असूनही दहा वर्षे ट्रॅक्टर चालवलेला तरुण अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहितो, कारण अनुभव म्हणजे कंपनीतील नोकरी अशीच समजूत आहे.

अन्य सेवांशी तुलना

केंद्र शासनाची 'राष्ट्रीय करिअर सेवा' २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तिची व्याप्ती देशभर असल्याने सीमावर्ती भागात तिचे महत्त्व वेगळे आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. पांढरकवड्याच्या उमेदवारास मुंबई–पुण्यापेक्षा आदिलाबाद किंवा हैदराबाद अधिक सोयीचे असू शकते, पण तेथील रिक्त पदे राज्याच्या संकेतस्थळावर दिसणे अपेक्षित नसते. या सेवेत उमेदवारास दृक्‌श्राव्य परिचय जोडण्याची सोय आहे. लेखनापेक्षा बोलण्यात सहज असणाऱ्यांना ती उपयोगी पडू शकते. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेले ई-श्रम संकेतस्थळही या सेवेशी जोडलेले आहे.

युरोपीय संघाच्या 'युरोपास' या सेवेची सुधारित आवृत्ती १ जुलै २०२० रोजी आली. तीत माहिती एकदाच साठवून तिच्यातून निरनिराळ्या पदांसाठी निरनिराळी परिचयपत्रे तयार करता येतात. कोणाला काय दाखवायचे हे उमेदवार ठरवतो आणि संघाच्या सर्व अधिकृत भाषांत ही सोय आहे. भारतात शैक्षणिक प्रमाणपत्रांसाठी २०१५ पासून डिजिलॉकर उपलब्ध आहे. त्यातील कागद कायद्याने मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात. तेथील प्रमाणपत्र परिचयपत्रास थेट जोडले गेल्यास प्रत्येक मेळाव्यात छायाप्रतींचा गठ्ठा घेऊन जाण्याचे कारण उरत नाही.

गोपनीयता व फसवणूक

परिचयपत्रात पत्ता, जन्मदिनांक, भ्रमणध्वनी क्रमांक व शिक्षण एकत्र असल्यामुळे ते चुकीच्या हाती पडल्यास धोका संभवतो. 'डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३' या कायद्यास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. आपली माहिती कशासाठी वापरली जाते हे जाणून घेणे, ती दुरुस्त करून घेणे व संमती मागे घेणे हे हक्क त्यात मान्य केले आहेत. राज्यसंस्थेस काही बाबतींत सूट असली तरी माहिती दुरुस्तीचा हक्क अशा संकेतस्थळावरील उमेदवारास विशेष महत्त्वाचा आहे.

नोकरीच्या नावाने 'नोंदणी शुल्क', 'गणवेशाचे पैसे' किंवा 'अनामत' मागणारे दूरध्वनी ही ग्रामीण भागातील नित्याची तक्रार आहे. महास्वयंमवरील नोंदणी, अर्ज किंवा मेळाव्यातील सहभाग यांसाठी शासन शुल्क आकारत नाही. सेवा केंद्रचालक अर्ज भरण्याच्या श्रमाचे जे पैसे घेतो, ते त्याच्या कामाचे असतात. ते दिल्याने नोकरीची हमी मिळत नाही.