पिल्लू कुणाचं?

गारखेडा परिसरातल्या आमच्या पुंडलिकनगरात गच्चीवर किंवा जिन्याखाली दोन-चार बँटम कोंबड्या पाळणारी हौशी मंडळी आहेत. बँटम म्हणजे बुटकी कोंबडी. जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून तिला हे नाव पडलं. अशा एखाद्या घरी पिल्लं निघाली की शेजारीपाजारी जमतात आणि कुणी न विचारता निकाल देऊन टाकतात, ''हे त्या तांबड्या कोंबड्याचंच. पाय बघा ना त्याचे!'' हा खेळ जुना आहे आणि त्यात बादशहापासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे रमले आहेत.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या कबुतरांचं वर्णन येतं. दरबाराबरोबर वीस हजारांवर कबुतरं असत, आणि निरनिराळ्या वाणांच्या जोड्या लावून बादशहाने ती सुधारली. चार्ल्स डार्विनने १८५९च्या आपल्या ग्रंथात याचा आवर्जून उल्लेख केला आहे. डार्विन स्वतःही कबुतरं आणि कोंबड्या पाळून संकर करून पाहत असे. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढऱ्या सिल्की कोंबड्या यांच्या संततीत त्याला एक कोंबडा असा मिळाला, की त्याचा पिसारा थेट तांबड्या रानकोंबड्याची आठवण करून देणारा होता. बाप काळा, आई पांढरी, आणि लेक गेला पणज्याच्याही पणज्यावर! सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडाच, असं मत डार्विनने १८६८ साली मांडलं.

हे घडतं कसं, याचा उलगडा मेंडेलच्या नियमांनी केला. ते १९०० साली पुन्हा उजेडात आले, आणि दोनच वर्षांनी केंब्रिजच्या विल्यम बेटसनने ते प्राण्यांनाही लागू पडतात हे कोंबड्यांवरच दाखवलं. पुढे रेजिनाल्ड पनेट त्याच्या जोडीला आला. त्यांचा तुऱ्यांचा प्रयोग मोठा गमतीचा आहे. एका वाणाचा तुरा पसरट आणि दाणेदार, दुसऱ्याचा ठेंगणा, तीन ओळींचा. शुद्ध वाणांची अशी जोडी लावली, तर सगळ्या पिल्लांचा तुरा अक्रोडासारखा निघतो. म्हणजे आईसारखाही नाही आणि बापासारखाही नाही. आता या अक्रोडतुऱ्यांची आपसांत जोडी लावा. सरासरी सोळांत एक पिल्लू साध्या, करवतीसारख्या एकेरी तुऱ्याचं निघेल. तसा तुरा त्याच्या आईबापांनाही नव्हता आणि आजी-आजोबांनाही नव्हता. गल्लीतल्या पंचांपुढे हे पिल्लू ठेवलं, तर कोंबडीची काही धडगत नाही!

मग रूपावरून काहीच कळत नाही का? कळतं, पण ते बहुधा नकाराच्या बाजूने. दोन्ही आईबापांचे तुरे एकेरी असतील, तर पिल्लाला दाणेदार तुरा येत नाही. तो दिसला, तर बाप दुसरा असं म्हणता येतं. 'याचं नव्हे' हे असं खात्रीने सांगता येतं. 'याचंच' हे मात्र नुसत्या रूपावरून सांगता येत नाही.

त्यात कोंबडीच्या संसाराच्या आणखी दोन गोष्टी. कोंबडा बदलला, तरी आधीच्या कोंबड्याचं बीज तिच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. त्यामुळे समोर उभा असलेला कोंबडा बाप असेलच असं नाही. आणि बँटम कोंबडी मोठी मायाळू. खुडूक झाली की कुणाचीही अंडी खाली ठेवा, ती निमूट उबवते. म्हणजे पंखाखाली घेणारी आईसुद्धा जन्माची आई असेलच असं नाही. पिल्लाला त्याची काही फिकीर नसते.

सगळ्यात मोठा धक्का २००८ साली बसला. कोंबडीचे पाय आणि कातडी पिवळी करणारं जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलं नाही, तर बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आलं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आरवणारा. म्हणजे डार्विनने सांगितलेली वंशावळ मुख्यतः बरोबर, पण त्यात आपल्याकडच्या एका आप्ताचं नाव राहून गेलं होतं. जगभरच्या खुराड्यांत त्याची खूण पिवळ्या पायांवर उघड दिसत होती. ती वाचायला मात्र आजवरचा काळ जावा लागला.

मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव ऐकलं की लोक कौतुकाने विचारतात, ''तुमची मराठी इतकी चांगली कशी?'' त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण नावावरून भाषेचं कूळ ठरवणं हा तोच गल्लीतला खेळ आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकातच मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. आणि खुद्द मराठीचं म्हणाल, तर मी ज्या कागदावर लिहितो तो 'कागद' आणि ज्या खुर्चीवर बसतो ती 'खुर्ची' हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. आज त्यांना परकं म्हणायला कुणी धजणार नाही.

तेव्हा पिल्लू पाहून अंदाज जरूर बांधावा, त्यात मौज आहे. फक्त तो अंदाज आहे, हे ध्यानात असू द्यावं. नाहीतर पिल्लाला दाणे टाकायचे राहून जातात आणि आपण त्याच्या बापाचाच शोध घेत बसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)