लेफ्कांदीचा अश्वमानव

ग्रीस देशाच्या पूर्व किनाऱ्यास लागून यूबिया नांवाचें एक लांबट बेट आहे. तेथील लेफ्कांदी गांवाजवळच्या प्राचीन दफनभूमींत १९६९ सालीं भाजलेल्या मातीची एक मूर्ति सांपडली. पण ती अखंड नव्हती. मुंडकें एका थडग्यांत, तर धड शेजारच्या दुसऱ्याच थडग्यांत! दोन्ही भाग जुळवल्यावर सुमारें ३६ सेंटिमीटर उंचीचा प्राणी उभा राहिला. कमरेपर्यंत मनुष्य व मागें घोडा असा हा ग्रीक पुराणांतील केंटॉर होय. आपल्या वाचकांस येथें किन्नराचें स्मरण होईल. परंतु किन्नराचें मुख घोड्याचें व शरीर मनुष्याचें, म्हणजे प्रकार नेमका उलट.

मूर्ति ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकाच्या अखेरची आहे, आणि तिचें खरें महत्त्व या काळांतच आहे. ख्रि. पू. १२०० च्या सुमारास मायसीनी राजवाडे उद्ध्वस्त झाले, लेखनविद्या लोपली, आणि पुढील शतकांना इतिहासकारांनीं ‘अंधारयुग’ असें नांव दिलें. त्या काळीं मूर्तिकला जवळजवळ नष्टच झाली होती, अशी समजूत रूढ होती. लेफ्कांदीच्या कुंभाराला मात्र याची वार्ता नसावी! त्यानें धड एखाद्या घागरीप्रमाणें चाकावर पोकळ काढलें, पाय हातानें भरीव वळले, आणि सर्वांगावर गडद रंगाची भौमितिक नक्षी रेखली.

पुढील एका पायाच्या गुडघ्यापाशीं एक खोल खांच आहे. ती मूर्ति भाजण्यापूर्वींच कापलेली आहे. अर्थात् ती मोडतोड नव्हे, जखम आहे. उजव्या हातास बोटें सहा. यावरून कित्येक विद्वान् म्हणतात कीं, हा अकिलीसचा गुरु, ज्ञानी कायरॉनच. हेराक्लीसच्या बाणानें तो चुकून घायाळ झाला होता. तर्क मोहक आहे खरा, पण जपून स्वीकारावा. होमरचीं काव्यें या मूर्तीहून निदान दीड शतक अलीकडचीं. त्यांत कायरॉन आहे, परंतु त्याची जखम नाहीं. ती कथा त्याहूनही उत्तरकालीन ग्रंथांतून मिळते. जखमी अश्वमानवाची कांहीं तरी कथा यूबियांत तेव्हां सांगितली जात असावी, इतकेंच फार तर म्हणतां येईल.

मुंडकें व धड निरनिराळ्या थडग्यांत कां गेलें? नुसत्या अपघातानें असें घडणें कठीण; मूर्ति बहुधा मुद्दाम मोडून दोन मृतांस वांटून दिली असावी. त्यांचें परस्परांशीं नातें काय होतें, हें थडगीं सांगत नाहींत. सांधलेली मूर्ति त्याच बेटावर, एरेट्रिया येथील वस्तुसंग्रहालयांत आहे.