सिंगरेणीच्या राखेतले दुर्मिळ धातू : आहेत किती, निघतात कसे?

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकूण 17 : लॅन्थॅनाइड गटातली 15, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधलं ताकदवान चुंबक निओडिमियमचं असतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने यातल्या 7 मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्याआधीच, जानेवारी 2025 मध्ये, केंद्राने नॅशनल क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं होतं. खाणीतल्या टाकाऊ मालातून अशी खनिजं काढणं हा त्याचाच एक भाग.

आपल्याकडे हा माल म्हणजे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या मंचेरियाल-आसिफाबाद भागातले, सिंगरेणीच्या खाणींच्या मातीचे ढिगारे आणि जयपूरच्या 1200 मेगावॅट वीज केंद्राची राख. हाच कोळसापट्टा पुढे चंद्रपूर-वणीत जातो.

कोळसा जळतो, धातू राखेत उरतात. कोळशाच्या राखेत जागतिक सरासरी टनाला साधारण 400 ग्रॅम. त्यातही मोठा वाटा सिरियम, लॅन्थॅनम या स्वस्त धातूंचा. राख आम्लात मुरवायची, द्रावणातून एकेक धातू वेगळा करायचा. हे महागात पडलं, तर डोंगर पोखरून उंदीर.

शिवाय टनभर राखेतून काही ग्रॅम काढले तरी बाकीची राख राहतेच, तीही आम्लात भिजलेली; थोडं थोरियमही असतं. म्हणून प्रकल्प अलीकडे होवो की पलीकडे, गावाने पहिला प्रश्न विचारावा : उरलेला गाळ आणि आम्लाचं पाणी जाणार कुठे?