रिकामं वजन, भरलेलं वजन

१९४७ सालचा एक फोटो आहे. आल्फ्रेड लेतूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू सायकलला आख्खा ट्रेलर बांधून ओढतोय. ट्रेलर म्हणजे आपली मालवाहू ट्रॉली नव्हे हं, आत पलंग आणि स्वयंपाकघर असलेलं, चाकांवरचं घर! चकाकत्या अॅल्युमिनियमचा, एअरस्ट्रीम कंपनीचा 'लायनर'. गडी तसा साधासुधा नव्हता. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ मोटारीच्या आडोशाने त्याने ताशी १०८.९२ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाने सायकल हाणली होती. पण फोटोतला हीरो तो नाही, ट्रेलर आहे. बघा आमचा ट्रेलर किती हलका, हा त्याचा निरोप. कंपनीने पुढे वर्षानुवर्षं ते चित्र मिरवलं.

भन्नाट जाहिरात. फक्त एक शंका विचारावीशी वाटते. त्या माणसाला तोच ट्रेलर घेऊन घाट उतरायला सांगितला असता तर?

तर मंडळी, या विकांताचा विषय हाच. ओढणं आणि थांबवणं यातला फरक, आणि तो फरक समजायला माणसाला लागलेली सव्वाशे वर्षं.

सुरुवात घोड्यांपासून करू. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने निव्वळ हौसेखातर फिरायला म्हणून एक घोडागाडी बांधून घेतली. नाव 'वाँडरर'. पोटासाठी गाडीत राहणारे लोक त्याच्या आधीही होतेच, पण मौजेसाठी बांधलेलं हे पहिलं फिरतं घर मानतात. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. बरोबर गाडीवान, एक नोकर (तो तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का बघायचा!), एक कुत्रा आणि एक काकाकुवा. असा हा लवाजमा इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला.

या गाडीची गंमत अशी की वजन जास्त झालं तर ते लगेच कळायचं. चढ लागला की घोडे थांबणार. त्यांना ब्रोशर वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते आकड्यांना भुलत नसत :-)

पुढे मोटारी आल्या. १९१९ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायचे कॅराव्हॅन बनवायला घेतले. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची हौशी भटक्यांची संघटना उभी राहिली. दहाएक वर्षांनी डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या जीवाणुशास्त्रज्ञाने, विकत घेतलेला घडीचा तंबू-ट्रेलर पावसात दगा देतोय म्हटल्यावर स्वतःच एक लाकडी खोका बांधला. पोरांनी त्याला नाव दिलं 'कव्हर्ड वॅगन'. १९३६ पर्यंत शर्मनची कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली होती. रॉजर बॅब्सन या अर्थतज्ज्ञाने तर येत्या वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायला जाईल असं भाकीत करून टाकलं. (अर्थतज्ज्ञांची भाकितं तेव्हाही अशीच असायची.)

पण तेव्हाच्या मोटारी कशा होत्या? फोर्डची 'मॉडेल ए' ४० अश्वशक्तीची. जड ट्रेलर लावला की चढावर इंजिन धापा टाकणार, रेडिएटरमधून वाफ निघणार. म्हणजे घोडा गेला तरी 'आता पुरे' म्हणणारा एक जण शिल्लक होता.

म्हणून हुशार लोक वजनाच्या मागे लागले. हॉले बोल्स हा मूळचा विमानवाला. लिंडबर्गने ज्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'मधून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा. त्याने १९३४ मध्ये विमानासारखाच रिव्हेट मारून अॅल्युमिनियमचा 'रोड चीफ' बनवला. वजन जेमतेम ५०० किलो. बोल्सचा धंदा टिकला नाही, पण वॉली बायम या माणसाने तीच कल्पना पुढे नेऊन १९३६ साली एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' बाजारात आणला. सायकलवाला फोटो याच घराण्यातला.

हलकेपणाचा दुसरा धडा आला कॅनडातून, आणि तोही कुठून, तर सेप्टिक टँकमधून! विनिपेगचा रे ओलेको फायबरग्लासच्या टाक्यांवर काम करायचा. त्याला वाटलं, याच पद्धतीने ट्रेलर का करू नये? १९६८ मध्ये त्याने १३ फुटी 'बोलर' काढला. वरचा अर्धा साचा, खालचा अर्धा साचा, मधे जोड. अंड्यासारखा आकार, सांधे कमी आणि वजन हजार पौंडांच्या आत, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास. पाठोपाठ मिनेसोटातल्या बॅकस गावी 'स्कॅम्प' आला, पुढे टेक्सासमध्ये 'कसिटा'. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोटारी लहान होऊ लागल्या तेव्हा ही अंडी फारच सोयीची ठरली. यातली कित्येक आजही रस्त्यावर आहेत.

आता खरी मेख इथे आहे. ब्रोशरमधलं वजन हे 'ड्राय वेट' असतं, म्हणजे रिकामं. पाणी नाही, सामान नाही, आणि बऱ्याचदा एसी, छत्री यांसारख्या जादा गोष्टीही नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर रिकाम्या डेटाबेसवर दिलेला डेमो. प्रॉडक्शनला काय होतं ते आपण सगळे जाणतोच.

माझे कॉलेजचे दोन मित्र सध्या अमेरिकेत आहेत. दोघं मिळून यलोस्टोनला जायला असाच छोटा ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत. त्यातल्या एकाने मला विचारलं, "गाडी ३५०० पौंड ओढते असं कंपनीच म्हणते. ट्रेलर १२०० चा. मग काळजी कसली?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी त्याला एक नमुना हिशोब करून पाठवला. आकडे गोळाबेरीज आहेत, पण हवेतले नाहीत.

रिकामा ट्रेलर ५५० किलो धरू. गॅसचा छोटा सिलिंडर भरलेला १७ किलो. बॅटरी २३. पाण्याची टाकी ४५ लिटरची, म्हणजे बरोब्बर ४५ किलो. छतावरचा एसी ३८. हे झाले १२३ किलो, आणि अजून आपण घरातून एक चमचाही आणलेला नाही. मग अंथरूण-पांघरूण आणि कपडे ४०. कुकर, तवा, तांदूळ, पीठ, पोहे, लोणच्याची बरणी (मराठी माणूस यलोस्टोनला गेला तरी बरणी जाणारच) मिळून ५०. खुर्च्या, टेबल, जॅक, पाण्याचा पाइप, हत्यारं ४५. एकूण भर २५८ किलो. ५५० चे झाले ८०८. जवळजवळ ४७ टक्के वाढ! आणि यात चैनीचं असं काहीच नाही.

"तरी १८०० पौंडच झाले, ३५०० च्या खूप आत," असं मित्र म्हणालाच. आता बैलगाडी आठवा. गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. फार पुढे भरला की सगळा भार बैलांच्या खांद्यावर. ट्रेलरचं अगदी तसंच. त्याच्या पुढच्या दांड्याचा मोटारीच्या हुकावर जो भार पडतो त्याला 'टंग वेट' म्हणतात. अमेरिकेत तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा सल्ला असतो. आपल्या हिशोबात ८१ ते १२१ किलो. तो कमी पडला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, की एका ठरावीक वेगापुढे मागचं घर शेपटीसारखं डावीउजवीकडे डुलायला लागतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. वेग कमी असताना हा दोष दिसतही नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. उतारावर वेग वाढतो, शेजारून मोठा ट्रक जातो, वाऱ्याचा धक्का बसतो, आणि मग कळतं.

आता तोच भार मोटारीच्या बाजूने मोजू. अमेरिकेतल्या मोटारीच्या दाराच्या चौकटीवर लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून अमुक वजनापेक्षा जास्त नको. समजा ते ४५० किलो आहे. चार माणसं २८०, डिकीतलं सामान ८०, आणि टंग वेट १००. बेरीज ४६०. म्हणजे ट्रेलर मर्यादेच्या निम्म्यावर आणि मोटार मात्र मर्यादेबाहेर! मागची चाकं दबणार, पुढची हलकी होणार, आणि स्टिअरिंग तर पुढच्या चाकांकडे असतं. मित्राने यावर फक्त "अरेच्चा" असं उत्तर पाठवलं.

इतिहासाकडे परत येऊ. घोडा चढावर थांबत होता. ४० अश्वशक्तीची फोर्ड धापा टाकत होती. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिनं ताकदवान होत गेली आणि 'पुरे' म्हणणारा तो आवाजच बंद पडला. आजची मोटार, त्यातून इलेक्ट्रिक असेल तर फारच, जादा वजन घेऊन चढ सहज चढते. फक्त बॅटरी भराभर उतरते. मर्यादा संपल्या नाहीत, त्यांची जागा बदलली. इंजिनातून त्या ब्रेक, टायर, हुक आणि मागच्या अॅक्सलमध्ये गेल्या. आणि या मंडळींना धाप लागत नाही. ती एकदम जातात.

मग जे काम घोडा करत होता ते कागदावर आणावं लागलं. अमेरिकेत वाहनसुरक्षेचा मोठा कायदा १९६६ चा. पुढे प्रत्येक ट्रेलरवर त्याचं कमाल भरलेलं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, लिहिणं आलं. डिसेंबर २००७ मधल्या नियमाने ट्रेलरवर आणखी एक लेबल आलं: सामान किती किलो भरता येईल, आणि पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातले किती किलो पाण्यातच जातील. किती साधी गोष्ट! पण ती लिहायला २००७ उजाडावं लागलं.

मोटारींचं 'इतके पौंड ओढते' हेही बराच काळ ज्याचं त्याने ठरवलेलं असायचं. पिकअप ट्रकवाल्या कंपन्यांची तर आकडे फुगवायची शर्यतच होती. २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने 'जे२८०७' नावाचं मानक काढलं. अॅरिझोनातला डेव्हिस डॅमजवळचा सुमारे अकरा मैलांचा चढ, एसी पूर्ण चालू, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. याला म्हणतात लोड टेस्ट! टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते सगळ्यात आधी स्वीकारलं आणि त्यांच्या टुंड्रा ट्रकचे आकडे चक्क काहीशे पौंडांनी उतरले. इतर मोठ्या कंपन्यांना तिथवर यायला २०१५ चं मॉडेल उजाडलं. पण यातही मेख आहेच. त्या चाचणीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, धरतात. मागच्या सीटवरचे आईबाबा आणि पोरं त्या आकड्यात नाहीत.

मग करायचं काय? उत्तर आपल्याकडे ऊस घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला माहीत आहे. काट्यावर चढवायची! अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक-थांब्यांवर १९७७ पासून 'कॅट स्केल' नावाचे काटे आहेत, आणि ते पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलरचा अॅक्सल वेगवेगळे मोजून देतात. पद्धत अशी. निघताना असेल तसंच सगळं भरा, माणसंही बसवा. एकदा ट्रेलर जोडून वजन करा. मग ट्रेलर सोडून, तीच माणसं आणि तेच सामान ठेवून नुसत्या मोटारीचं करा. जोडलेला असताना मोटारीच्या दोन अॅक्सलवर जेवढं वजन जास्त भरलं, तेवढं टंग वेट. त्यात ट्रेलरच्या अॅक्सलचं वजन मिळवलं की ट्रेलरचं खरं वजन. शाळेतली वजाबाकी.

जड सामान अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. मागच्या बंपरवर सायकली, पेट्या टांगणं टाळायचं. टायरमधली हवा निघायच्या आधी, टायर गार असताना तपासायची. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक कधी सक्तीचे, हे प्रत्येक राज्यात वेगळं. कॅलिफोर्नियात १५०० पौंडांपासून, बऱ्याच राज्यांत ३००० पासून. माझं मत विचाराल तर कायदा मागो न मागो, ब्रेक असलेलाच घ्यावा. आणि वेग. गतिज ऊर्जेत वजन साधं येतं, वेग वर्गात येतो. ताशी ९० ऐवजी १०५ ने गेलात तर थांबवायची ऊर्जा ३६ टक्क्यांनी वाढते. डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक दाबायचा नाही की स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडायचा, आणि ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असेल तर फक्त ते हळू दाबायचं.

असो. मित्राने आता कॅटलॉग बाजूला ठेवून दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचायला घेतलंय. ते ४३० किलोचं निघालं, म्हणून डिकीतलं निम्मं सामान घरी राहणार असं ठरतंय. लोणच्याच्या बरणीवर मात्र अजून एकमत नाही.