लाल फायलीतला माणूस

शनिवार, ४ फेब्रुवारी १९६७. मँचेस्टरमधल्या एका विटांच्या घरात तुम्ही बसला आहात. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग सरकवलं, तेव्हा कुठे खोलीत ऊब आली. टीव्ही लावून थोडा वेळ थांबावं लागतं. आतले व्हॉल्व्ह तापले की मगच ४०५ रेघांचं काळं-पांढरं चित्र उमटतं. एबीसी वाहिनीच्या 'आर्मचेअर थिएटर' या नाट्यमालिकेत आज जेम्स मिचेल यांचं नवं नाटक आहे, 'अ मॅग्नम फॉर श्नायडर'.

हेर म्हटलं की तुम्हाला आठवतो जेम्स बाँड. पडद्यावर मात्र एक हिशेबनीस येतो. स्वस्तातला कोट, थकलेला चेहरा, साहेबाची बोलणी मुकाट्याने खाणारा. हा डेव्हिड कॅलन, सरकारचा मारेकरी. एडवर्ड वुडवर्ड त्याला इतका आतल्या आत दाबून धरतो की त्याने नुसतं वर पाहिलं तरी तुम्ही सावरून बसता.

हंटर हे त्याच्या वरिष्ठाचं सांकेतिक नाव. ज्याचं नाव लाल फायलीत गेलं, त्याचा काटा काढायचा. या वेळी पाळी श्नायडरची. त्याची कचेरी कॅलनच्याच इमारतीत आहे. मारण्याआधी कॅलनला एकच गोष्ट हवी असते : कारण. ते सांगायला हंटर तयार नाही. मग कॅलन स्वतःच माग काढतो, श्नायडरच्या घरी जातो. दोघांनाही खेळण्यातल्या सैनिकांचा नाद. टेबलावर लढाई मांडून ते एकेक तुकडी पुढे सरकवतात, आणि ज्याला मारायचंय तोच माणूस कॅलनला आवडू लागतो. तिकडे हंटरने कॅलनलाही पोलिसांच्या तावडीत देण्याची तजवीज करून ठेवली आहे.

कॅलनच्या जोडीला लोन्ली आहे. भुरटा चोर, घाबरला की अंगाला घाण वास सुटणारा. रसेल हंटर हा नट त्याला असा उभा करतो की वास काचेपलीकडून तुमच्यापर्यंत यावा. दोघांची ओळख वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगातल्या कोठडीतली. त्याच तुरुंगातून गेल्या ऑक्टोबरमध्ये जॉर्ज ब्लेक पळाला, विणायच्या सुयांच्या पायऱ्या लावलेल्या दोरीच्या शिडीवरून. आपल्याच हेरखात्यातला माणूस रशियाला फितूर निघाला, हे ब्रिटनच्या जिव्हारी लागलंय. म्हणूनच तुम्हाला हे नाटक खोटं वाटत नाही.

त्याच उन्हाळ्यात या नाटकावरून कॅलनची मालिका सुरू होते. लोंबकळणारा उघडा बल्ब हेलकावे घेतो, गोळी सुटते, बल्ब फुटतो. १९६९ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या शेवटी कॅलनलाच गोळी लागते आणि भिंतींवर लोक रंगवतात, 'कॅलन लिव्ह्ज'. मालिका परत येते, रंगीत होते, १९७२ पर्यंत चालते.

त्या काळी टेप महाग असायच्या. जुनं पुसून त्यांच्यावर नवं भरत. कृष्णधवल पर्वांचे कित्येक भाग त्यात कायमचे गेले. म्हणून जे वाचलेत ते आवर्जून पाहा. पगारासाठी हुकूम पाळणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी गिळलेलं 'का?' हा माणूस साहेबाच्या तोंडावर विचारतो, आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. हेरकथेत याहून मोठं धाडस मी पाहिलेलं नाही.