‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दीड-दोन महिने बंद असलेली संगणकाची खोली उघडावी, बटण दाबावे आणि जुन्या संगणकांपैकी एखाद्याने निळा पडदा दाखवून थांबून राहावे, हा अनुभव यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना नवा नाही. दुरुस्तीला आलेला माणूस दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, “विंडोज उडाली सर, फॉरमॅट मारावा लागेल.” आपण मान डोलावतो. त्या होकाराबरोबर गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, वह्यांच्या हिशोबाचे तक्ते आणि मराठीचे फाँट पुसले जातात.

वास्तविक चकती कोरी न करता कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या मूळ प्रतीवरून पुन्हा उभी करण्याची सोय फार जुनी आहे. तिला ‘रिपेअर इन्स्टॉलेशन’ म्हणतात. ही सोय आली कशी, आणि जुन्या यंत्रावर ती ऐनवेळी अडते का, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

भारतातल्या शाळांमध्ये संगणक सरकारी योजनेतून आला तो १९८४-८५ साली, ‘क्लास’ या प्रकल्पातून. त्या प्रकल्पात बीबीसी मायक्रो या ब्रिटिश बनावटीचे सुमारे १२,००० संगणक राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वाटले गेले. या यंत्रात ३२ किलोबाइट स्मृती होती आणि त्याची कार्यप्रणाली १६ किलोबाइटच्या एका रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली होती. बटण दाबताच ‘बीप’ असा आवाज होई आणि संगणक तयार. मुलाने काहीही चुकीचे टंकले तरी बंद करून पुन्हा चालू केले की यंत्र पूर्वीसारखे! कार्यप्रणाली ‘उडणे’ हा प्रकारच तिथे शक्य नव्हता, कारण तिच्यावर लिहिताच येत नसे. तिच्यात सुधारणा करायची तर मात्र चिपच बदलावी लागे.

दुसरा मार्ग अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास चोखाळला होता. त्यांच्या सीपी-एम या कार्यप्रणालीत यंत्राशी थेट बोलणारा छोटा भाग वेगळा काढला होता. त्याला त्यांनी ‘बायोस’ असे नाव दिले. बाकीची प्रणाली फ्लॉपीवर. १९८१ च्या आयबीएम पीसीने हीच विभागणी उचलली. म्हणजे संगणक चालू होताना एक साखळी असते. चिपमधला बायोस जागा होतो, स्मृती तपासतो, चकतीच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो, त्या तुकड्यातली इवलीशी आज्ञावली पुढच्या आज्ञावलीला हाक मारते, आणि असे करत करत पूर्ण प्रणाली स्मृतीत येते. कार्यप्रणाली चकतीवर आली म्हणून ती स्वस्तात बदलता येऊ लागली, आणि त्याच कारणाने ती बिघडूही लागली. साखळीतली कोणती कडी तुटली आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती वाया जाते. पुढच्या साऱ्या कहाणीत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

त्या पहिल्या तुकड्याचे महत्त्व सर्वांत आधी ओळखले ते विषाणू लिहिणाऱ्यांनी. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या याच तुकड्यात जाऊन बसे. ६ मार्च १९९२ या तारखेसाठी गाजलेला ‘मायकेलँजेलो’ हार्ड डिस्कच्या पहिल्या तुकड्यात राही. गंमत अशी की डॉसमधली फॉरमॅटची आज्ञा या तुकड्याला हातच लावत नसे! चकती कोरी केली, डॉस नव्याने चढवला, सगळा मजकूर गमावला, तरी विषाणू जागच्या जागी. खरा उपाय म्हणजे तो एकच तुकडा नव्याने लिहिणे, आणि डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून (१९९१) ‘एफडिस्क’ या आज्ञेत तशी सोय होती, पण तिची माहितीपुस्तिकेत वाच्यता नव्हती. पुण्यात कैलास काटकर यांचा कॅल्क्युलेटर व पुढे संगणक दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीला येणारी यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली असत, म्हणून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करणाऱ्या आज्ञावली लिहायला घेतल्या. ‘क्विक हील’ हे नाव आज सर्वांना ठाऊक आहे; त्याचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

विंडोज आल्यावर प्रश्न गुंतागुंतीचा झाला. डॉसच्या मोजक्या फाइली फ्लॉपीवरून पुन्हा घातल्या की काम भागे. १९९५ च्या विंडोजमध्ये मात्र ‘रजिस्ट्री’ नावाची मोठी नोंदवही आली, तिच्यात प्रत्येक आज्ञावलीची आणि यंत्राच्या प्रत्येक भागाची नोंद. ती खराब झाली की सगळे ठप्प. म्हणून विंडोज ९५ सुरळीत सुरू झाली की प्रत्येक वेळी या नोंदवहीची एक प्रत बाजूला ठेवी. विंडोज ९८ पाच प्रती ठेवू लागली. विंडोज एनटीने १९९३ पासूनच आणीबाणीसाठी एक दुरुस्ती-फ्लॉपी बनवायची पद्धत पाडली होती. या दोन्ही धाग्यांचा मिलाफ ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत झाला. शाळांमधले अनेक जुने संगणक याच पिढीतले, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

एक्सपीची सीडी घालून संगणक सुरू केला की पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबून दुरुस्ती करा, अशी सूचना येते. येथेच पुष्कळ जण फसतात. हा ‘आर’ काळ्या पडद्यावरच्या आज्ञांकडे नेतो. पहिला तुकडा नव्याने लिहिणे, चकती तपासणे ही कामे तिथे होतात. रिपेअर इन्स्टॉलेशन हवे असेल तर ‘एंटर’ दाबायचा, करारपत्राला एफ-८ ने मान्यता द्यायची, मग सीडी चकतीवर जुनी विंडोज शोधते. सापडली तर दुसऱ्यांदा ‘आर’ विचारला जातो. हा दुसरा ‘आर’ खरा. तो दाबला की विंडोजच्या स्वतःच्या फाइली सीडीवरून नव्याने येतात, यंत्राचे भाग पुन्हा ओळखले जातात. पण आपले दस्तऐवज, बसवलेल्या आज्ञावली आणि फाँट जागेवर राहतात. दुसरा ‘आर’ न येता थेट चकतीचे विभाग दाखवणारा पडदा आला तर तिथेच थांबावे. तिथून पुढे गेलेला माणूस दुरुस्ती करत नसतो, नवी विंडोज घालत असतो.

आता अडचण कुठे येते ते पाहू. दुरुस्ती नेहमी नकलेवरून होते आणि नकलेला स्वतःचे वय असते. कपाटातली सीडी २००१ ची, पण संगणकातली विंडोज दरम्यान सुधारत २००४ किंवा २००८ पर्यंत आलेली. दुरुस्तीनंतर यंत्राचा गाभा २००१ सालात जातो. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा किडा जगभर पसरला. त्याला अडवणारी दुरुस्ती त्याच वर्षी जुलैत निघाली होती. संरक्षक भिंत आपोआप चालू असणे तर ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासूनचे. म्हणजे जुन्या सीडीने नीट केलेला संगणक इंटरनेटला जोडताच पुन्हा आजारी पडे, आणि दोष दुरुस्तीला दिला जाई.

चकतीच्या आकाराचेही असेच. मूळ एक्सपी चकतीवरचे तुकडे मोजण्यासाठी २८ अंकी द्विमान संख्या वापरी. वर्गात करून पाहण्याजोगे गणित आहे: २ चा २८ वा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२. सुमारे १३७ अब्ज बाइटांपलीकडचे तिला दिसतच नाही. पहिल्या सर्व्हिस पॅकने ही मर्यादा उठवली. १६० गिगाबाइटच्या चकतीवर मूळ सीडीने दुरुस्ती केली तर टोकाकडचा मजकूर बिघडण्याचा धोका असतो. त्याउलट ‘साटा’ प्रकारच्या चकत्या एक्सपीनंतर रूढ झाल्या, त्यामुळे सीडी त्या ओळखतच नाही आणि ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ म्हणून मोकळी होते. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच एफ-६ दाबून फ्लॉपीवरून चालक-आज्ञावली देणे, किंवा बायोसमध्ये जाऊन साटा चकतीला जुन्या ‘आयडीई’ पद्धतीने वागायला सांगणे. दुसरा उपाय सोपा म्हणून सर्वांनी तोच केला. त्याचा परिणाम पुढे सुट्टीत दिसतो.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी, तीन व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी असते. संगणकाची पिन भिंतीतून काढून ठेवली की घड्याळ आणि बायोसमधल्या निवडी या बॅटरीवरच तगून राहतात. आठ-दहा वर्षे जुनी बॅटरी उन्हाळ्याच्या सुट्टीत संपते आणि बायोस कारखान्यातल्या मूळ निवडींवर जातो. आयडीई पद्धत गेली, नवी पद्धत आली. एक्सपीला स्वतःची चकती सापडेना. निळा पडदा, आणि त्यावर शून्यांच्या रांगेच्या शेवटी ‘७बी’ हा आकडा. विंडोज जशीच्या तशी आहे, तिचा एक अक्षरही बिघडलेला नाही. अशा वेळी रिपेअर इन्स्टॉलेशनही अडते आणि फॉरमॅट तर निव्वळ नासाडी. खूण सोपी आहे: बायोसमध्ये तारीख पाहावी. ती एकदम २००५ किंवा त्याच्या आसपास गेली असेल तर घड्याळजीकडची बॅटरी आणून बसवावी आणि चकतीची निवड पूर्ववत करावी.

यवतमाळच्या उन्हाचाही यात वाटा आहे. मदरबोर्डवरच्या ॲल्युमिनियमच्या डबीसारख्या कपॅसिटरमध्ये द्रवरूप विद्युत अपघटक असतो आणि तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अंदाज अभियंते धरतात. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, कॅबिनेटच्या आत, काय होत असेल ते पाहावे. त्यात १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या बऱ्याच मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर गेले होते. डबीचा माथा फुगलेला दिसला तर दोष विंडोजचा नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गावांत पंख्यात अडकणारी तुसे, आणि २००५ नंतरच्या काही वर्षांतले ग्रामीण भागातले तासन्‌तासांचे भारनियमन, हेही धरा. चकतीवर लिहिणे चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल राहते.

दुरुस्ती चालू असताना ‘अमुक फाइल उतरवता आली नाही’ असा निरोप दर वेळी वेगळ्या फाइलीवर येत असेल, तर संशय सीडीपेक्षा स्मृतीवर घ्यावा. तीच फाइल वारंवार अडत असेल तर सीडीवर ओरखडा. स्मृतीच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने हलक्या हाताने पुसण्याचा दुरुस्तीवाल्यांचा रिवाज हास्यास्पद वाटला तरी गुणकारी आहे. स्मृती तपासायला मेमटेस्ट-८६ ही आज्ञावली १९९४ पासून उपलब्ध आहे.

येथे शकुंतला रेल्वेची आठवण होते. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजवर १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. सत्तर वर्षे! वाफेच्या इंजिनाचा घासलेला भाग मोजता येतो आणि तसाच दुसरा घडवता येतो. तो घडवायला मँचेस्टरची परवानगी लागत नाही. संगणकाला मूळ प्रत लागते, आणि तीही योग्य वयाची. कॅबिनेटवरच्या चिकटपट्टीवरचा परवाना-क्रमांक दुकानातून आणलेल्या वेगळ्या प्रकारच्या सीडीला चालत नाही, हा त्यातलाच भाग.

फाँटचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉरमॅटनंतर फाँट गेला की प्रश्नपत्रिकेची फाइल उघडते, पण तिच्यात इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक काला दिसतो. मजकूर असतो, वाचता येत नाही. शिवाय एक्सपीत युनिकोड देवनागरीसाठीच्या फाइली सीडीतून वेगळ्या चढवाव्या लागत.

पुढे मायक्रोसॉफ्टने पद्धत बदलली. व्हिस्टापासून रिपेअर इन्स्टॉलेशन चालू विंडोजच्या आतूनच करावे लागते. विंडोज सुरूच होत नसेल तर तो मार्ग बंद, तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’वर भिस्त. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, तर दहाव्या विंडोजचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकराव्या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. बऱ्याच जुन्या संगणकांत ती नाही. अशा यंत्रांवर लिनक्स चालते. सी-डॅकने २००७ साली त्याची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची आवृत्ती काढली.

लिनक्सचा आणखी एक उपयोग बंद पडलेल्या विंडोजलाही होतो. क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ने २००० सालापासून थेट सीडीवरून, चकतीला न स्पर्शता संगणक चालवण्याची सोय रूढ केली; आता ते पेन ड्राइव्हवरूनही होते. चकती शाबूत असेल तर निकालपत्रके, प्रश्नपत्रिका आणि विंडोजच्या फोल्डरातले ‘फाँट्स’ हे उपफोल्डर अशा तऱ्हेने दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुरुस्तीवाल्याला तेवढा वेळ बाकावर बसवून चहा द्यावा.